खांडस ते नागफणी : भीमाशंकरच्या जुन्या पायवाटेचा इतिहास

भीमाशंकरच्या देवळाजवळ आज मोटार जाते. मंचर, घोडेगाव, डिंभे या बाजूने एस. टी. वर येते आणि स्टँडवर उतरलेला भाविक दगडी पायऱ्या उतरून देवाच्या दारात पोहोचतो. घाटावरचा माणूस पायऱ्या उतरून देवाकडे जातो, कोकणातला माणूस मात्र डोंगर चढून. हा फरक फार जुना आहे. कर्जत तालुक्यातील माणसाला मोटारीने भीमाशंकर गाठायचे तर घाट चढून पुणे जिल्ह्यातून मोठा वळसा घ्यावा लागतो. पायी निघाले तर खांडसहून पहाटे चालू लागलेली मंडळी दुपारच्या आत देवळात असतात. ज्या देवळाच्या जीर्णोद्धारानिमित्त ही स्मरणिका निघत आहे, त्या गावातून पिढ्यान् पिढ्या माणसे श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला याच वाटेने गेली. त्या वाटेची हकीकत नव्या पिढीला ठाऊक असावी, म्हणून येथे ती थोडक्यात दिली आहे.

वाटेचे स्वरूप

कर्जत किंवा नेरळहून कशेळेमार्गे खांडस गाठावे. गाव मागे टाकून थोडे पुढे गेले की वाटेला दोन फाटे फुटतात. उजवीकडची वाट गणेश घाटाची व डावीकडची शिडी घाटाची. गणेश घाटात वाटेवर गणपतीचे स्थान असल्यामुळे त्याला हे नाव पडले. ही वाट लांबची पण सोपी. बायामाणसे, म्हातारीकोतारी व डोक्यावर ओझे घेतलेली माणसे याच वाटेने जात. शिडी घाट जवळचा पण कठीण. कातळाच्या उभ्या टप्प्यांवर शिड्या लावलेल्या आहेत, त्यावरून चढावे लागते. गणेश घाटाला पाच-सहा तास लागतात, शिडी घाटाला तीन-चार. पाय सराईत असतील तर त्याहून कमी.

दोन्ही वाटा अर्ध्या डोंगरावर एका सपाटीवर येऊन मिळतात. सह्याद्रीच्या उतारावर मध्येच जी सपाट पायरी असते तिला इकडचे लोक ‘पदर’ म्हणतात. लुगड्याच्या पदरासारखी ती डोंगराच्या अंगावर आडवी पसरलेली असते. येथील वाडीला पदरवाडी आणि जवळच्या किल्ल्याला पदरगड ही नावे त्यावरूनच पडली. पदरगडाच्या माथ्यावरील उभे सुळके दूरवरून ओळखू येतात. त्यांना लोक ‘कलावंतिणीचा महाल’ म्हणतात. किल्ला लहान आहे, वर चढणे अवघड आहे, मोठ्या लढायांसाठी तो प्रसिद्ध नाही. मात्र त्याच्या जागेवरून त्याचे काम कळते. गणेश घाटाने वर जाणारे प्रत्येक माणूस व प्रत्येक ओझे या गडाच्या नजरेखालून जाते. घाटवाटेवर पहारा ठेवण्यासाठीच हा गड असावा, हे तेथे उभे राहिले की कोणालाही पटते.

पदरावर थोडा विसावा घ्यावा, कारण पुढची चढण अंगावर येणारी आहे. येथून दाट जंगल सुरू होते. भर दुपारीही ऊन जमिनीवर ठिपक्यांनी पडते. ही चढण संपली की हनुमान तळ्याच्या बाजूला माणूस वर निघतो. तेथून एक वाट देवळाकडे जाते व दुसरी रानातून नागफणीच्या कड्यावर.

देवस्थान व त्याचे जीर्णोद्धार

बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रसिद्ध स्तोत्रात भीमाशंकराचे नाव येते. लोकांत सांगतात ती कथा अशी की, शंकराने त्रिपुरासुराचा वध केला व श्रमपरिहारासाठी तो सह्याद्रीच्या माथ्यावर बसला. त्या वेळी त्याच्या अंगातून जो घाम वाहिला त्याचीच भीमा नदी झाली. कथा कथेच्या जागी आहे, परंतु भीमा नदी येथेच उगम पावते ही गोष्ट खरी. देवळाच्या परिसरात उगम पावून ती रानात काही ठिकाणी दिसेनाशी होते व पूर्वेकडे पुन्हा प्रकट होते. त्या जागेला गुप्त भीमाशंकर म्हणतात. तेथून भोरगिरी, चासकमान, राजगुरुनगर, उजनी असा प्रवास करीत ती पंढरपुरास जाते. तेथे चंद्रकोरीसारखे वळण घेते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. पुढे कर्नाटकात जाऊन ती कृष्णेस मिळते. सुमारे ८६० किलोमीटरचा हा प्रवास आहे. पंढरीचा वारकरी ज्या पाण्यात स्नान करतो ते पाणी भीमाशंकरच्या रानातून निघालेले असते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते.

देऊळ एका काळात बांधले गेलेले नाही. गाभाऱ्याचा जुना भाग एका काळचा, तर शिखर पेशवाईतील. शिखराचे काम नाना फडणवीस यांनी करविले. नानांचा मृत्यू इ. स. १८०० मध्ये झाला, तेव्हा हे काम अठराव्या शतकातील होय. आवारात एक मोठी परदेशी घंटा टांगलेली आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयानंतर तेथील घंटा ठिकठिकाणच्या देवळांना मिळाल्या. नाना फडणवीसांच्या मेणवलीस अशी एक घंटा आहे, तशीच ही भीमाशंकरची. घंटेवर क्रूस कोरलेला आहे. वसईच्या चर्चमध्ये वाजलेली ती घंटा सह्याद्रीच्या माथ्यावर महादेवापुढे वाजते, आणि कोणी तिच्यावरील खूण घासून काढली नाही. जुन्या माणसांच्या या मोठेपणाची नोंद घेतली पाहिजे.

शिखराच्या बांधकामाच्या काळात वर गाडीरस्ता नव्हता. कारागिरांचे धान्य, हत्यारे व साहित्य माणसांच्या डोक्यावरून व जनावरांच्या पाठीवरूनच वर गेले असणार. ज्याच्याकडे पैसा होता त्याने पैसा दिला, ज्याच्याकडे पैसा नव्हता त्याने पाठ दिली. पैसा देणाऱ्यांची नावे इतिहासात राहिली, पाठ देणाऱ्यांची राहिली नाहीत. जीर्णोद्धाराच्या प्रत्येक कामात असेच होते. म्हणून देणगीदारांच्या यादीबरोबर श्रमदान करणाऱ्यांचेही स्मरण ठेवणे उचित होय.

घाटवाटेचे दिवस

पूर्वी कोकण आणि घाट यांचा व्यवहार अशाच वाटांनी चाले. कल्याण, सोपारा या बंदरांचा माल नाणेघाटातून जुन्नरला जाई. तेथील लेण्यात सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. नाणेघाट हा राजमार्ग होता. खांडसचे घाट त्या मानाने लहान, वाड्या-वस्त्यांच्या उपयोगाचे. खालून मीठ व सुकी मासळी वर जाई, वरून हिरडा, मध व रानमेवा खाली येई. सोयरिकीही याच वाटेने जुळत. कित्येक घरांतील लेकी पदरापलीकडे दिलेल्या असत आणि माहेराला येण्यासाठी त्यांना हाच डोंगर उतरावा लागे.

इ. स. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मोठ्या घाटवाटांचे महत्त्व ओसरू लागले. त्यानंतर मोटाररस्ते झाले. कारभारही बदलत गेला. कर्जत तालुका एके काळी ठाणे जिल्ह्यात होता, पुढे तो कुलाबा जिल्ह्यात आला व १ जानेवारी १९८१ पासून त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. कागदावर हद्दी बदलल्या, परंतु पायवाट तीच राहिली. व्यापार संपला तरी देवामुळे ती वाट मोडली नाही. इतर कित्येक घाटवाटा रानाने गिळल्या. ही टिकली, कारण दरवर्षी श्रावणात हजारो पायांनी ती साफ होत राहिली.

या डोंगररांगेने स्वातंत्र्याच्या लढ्यातही आपला वाटा उचलला. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा. गरीब घरात जन्मून ते वकील झाले आणि शेतकऱ्यांसाठी व आदिवासींसाठी झटले. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभा केला. मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे या दस्त्याने पाडले. सरकारने बक्षीस लावले, पण रानातील वाड्यांनी त्यांना भाकरी दिली व लपण्यास जागा दिली. अखेर फितुरी झाली. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. सिद्धगड हा भीमाशंकरच्याच डोंगररांगेत उत्तरेस आहे. दर २ जानेवारीस तेथे हुतात्म्यांना मानवंदना देण्यासाठी लोक जमतात.

रान

या वाटेचे खरे वैभव तिचे रान आहे. जांभूळ, आंबा, अंजनी, पिसा अशी सदा हिरवी झाडे एकमेकांत फांद्या गुंतवून उभी आहेत. मोकळ्या उतारावर कारवी आहे. ती दर सात वर्षांनी एकदाच फुलते आणि त्या वर्षी अख्खा डोंगर निळाजांभळा होतो. पावसाळ्यात रात्रीच्या अंधारात कुजक्या लाकडांवर फिकट हिरवा उजेड दिसतो. जुनी माणसे त्याला भुताटकी समजत. ती एक प्रकारची बुरशी असून ओलाव्यात ती स्वतः प्रकाशते, हे आता शास्त्रज्ञांनी सांगितले आहे. पावसाच्या तोंडावर झाडे काजव्यांनी लखलखतात ती गोष्ट वेगळी.

येथील मानाचा प्राणी म्हणजे शेकरू. ही मोठी तांबूस खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. शेपटीसह तिची लांबी तीन फुटांच्या आसपास भरते. ती सहसा जमिनीवर येत नाही. या झाडावरून त्या झाडावर लांब उड्या मारीत तिचा सारा जन्म जातो. काटक्या-पानांची घरटी ती उंच फांद्यांवर बांधते आणि एकच शेकरू अनेक घरटी बांधून ठेवते. यावरून एक गोष्ट समजून घ्यावी. फांदीला फांदी लागलेली असेल तरच शेकरू जगते. मधली चार झाडे तोडली तर तिचा रस्ताच तुटतो. या रानाच्या व शेकरूच्या रक्षणासाठी १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून ते पुणे, रायगड व ठाणे या तीन जिल्ह्यांत पसरले आहे.

तथापि, सरकारी हुकूम निघण्याच्या पुष्कळ आधीपासून हे रान राखले गेले होते. ते देवाच्या नावाने राखले गेले. देवराईतील झाड तोडायचे नाही, वाळलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा कडक दंडक असे. देवळाच्या दुरुस्तीसाठी लाकूड हवे असेल तर आधी देवाला कौल लावायचा व कौल मिळाला तरच हवे तेवढे घ्यायचे. पुण्याचे वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या काळात महाराष्ट्रातील देवराया हिंडून पाहिल्या व त्यांचे मोल जगापुढे मांडले. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या समाजांनी निरक्षर असताना जे राखले ते पुढे पुस्तकात आले. हिरडा वेचून वर्षाची मीठमिरची भागवणारा महादेव कोळी हिरड्याच्या झाडाला कुऱ्हाड लावत नाही. त्याला ते कोणी शिकवावे लागत नाही.

नागफणी

हनुमान तळ्याच्या बाजूने रानातली वाट नागफणीकडे जाते. झाडी हळूहळू खुजी होत जाते, वारा अंगाला झोंबू लागतो आणि एकाएकी जमीन संपते. कोकणातून पाहिले असता हा कडा फणा काढलेल्या नागासारखा दिसतो, म्हणून नागफणी. भीमाशंकरच्या परिसरातील हे सर्वांत उंच टोक. येथे कठडा नाही. पावसाळ्यात दगड निसरडे असतात व धुके दाटले की दोन हातांवरचे दिसत नाही. म्हणून टोकावर जाण्याचा आग्रह धरू नये आणि मुलांचा हात सोडू नये.

आभाळ मोकळे असेल तर पायाखाली अवघे कर्जत खोरे उलगडते. खांडसची घरे, भाताची खाचरे, पदरगडाचे सुळके, पलीकडे पेठचा किल्ला म्हणजेच कोथळीगड, आणि पश्चिमेला माथेरानचा लांबट माथा. उत्तरेला सिद्धगड. ज्या वाटेने सकाळी घाम गाळीत माणूस वर आला ती वरून दोऱ्यासारखी दिसते.

येथे उभे राहिल्यावर आणखी एक गोष्ट समजते. हा कडा म्हणजे पाण्याची वाटणी करणारी रेघ आहे. कड्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस ओढ्या-नाल्यांनी उल्हास नदीत जातो व अरबी समुद्रास मिळतो. कड्याच्या पूर्वेला चार हातांवर पडलेला पाऊस भीमेत जातो, पंढरपूर पाहतो आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात पोहोचतो. एकाच ढगाचे पाणी दोन समुद्रांना वाटले जाते. आणि दोन्हीकडच्या विहिरी उन्हाळ्यात भरलेल्या राहतात त्या माथ्यावरच्या या रानामुळे. रान पाऊस धरून ठेवते व सवडीने सोडते. रान गेले तर तोच पाऊस एका रात्रीत माती घेऊन खाली येतो.

डोंगराचा इशारा

ही भीती निराधार नाही. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. हे गाव भीमाशंकरच्याच शेजारातले. १५१ माणसे गेली. नेहमीप्रमाणे आलेल्या एस. टी. च्या ड्रायव्हरला समोर गावच दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली. पावसाचा जोर तर होताच, परंतु तीव्र उतारावरील झाडी जाणे व जमीन सपाट करण्यासाठी डोंगर खणणे हीही कारणे जाणकारांनी दाखविली. माळीणचे पुनर्वसन होऊन २०१७ मध्ये लोक नव्या घरांत गेले. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री तर शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकूर समाजाची ती वाडी झोपेत गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले व ५७ जण बेपत्ता राहिले. ढिगाऱ्याखालच्या त्या माणसांचा शोध पुढे थांबवावा लागला आणि तीच जागा त्यांची समाधी झाली.

या दोन्ही घटना सांगण्याचा हेतू कोणाला घाबरविण्याचा नाही. प्रत्येक दरड तोडीनेच येते असेही नाही, कारण सह्याद्रीचा कडा मुळात उभा आहे आणि पाऊस मुसळधार. परंतु जे माणसाच्या हातात आहे तेवढे तरी त्याने सांभाळावे. उतारावरील झाडाची मुळे मातीला मूठ मारून धरतात. ती मूठ सुटू देऊ नये.

भाविकांनी करावयाच्या गोष्टी

आज शनिवार-रविवारी या वाटेवर शहरातील तरुण मंडळी मोठ्या संख्येने येतात. त्यांचे स्वागतच आहे. त्यांच्यामुळे पायथ्याच्या वाड्यांतील काही घरांना जेवणखाण व वाट दाखविण्याचे काम मिळते. मात्र प्लॅस्टिकच्या बाटल्या व पुड्या वाटेवर टाकून जाण्याची सवय वाईट. पावसाळ्यात शिडी घाटात पाण्याचे लोट येतात. वनखाते किंवा पोलीस बंदी घालतात तेव्हा ती मोडू नये. अनोळखी माणसाने वाडीतील माहितगार सोबत घ्यावा व त्याला योग्य मोबदला द्यावा. शेकरू दिसल्यास आरडाओरडा करू नये, खाऊ टाकू नये. नेलेली प्रत्येक वस्तू परत खाली आणावी. देवाला बेलाचे पान पुरते, त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीची गरज नाही.

गावच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, नवा कळस चढला, याचा आनंद प्रत्येक घरात आहे. परगावी असलेल्या चाकरमान्यांनी पदरमोड करून रकमा पाठविल्या, माहेरवाशिणींनी आठवणीने वर्गणी दिली, शेतकऱ्यांनी भातझोडणी आटोपून श्रमदान केले. तथापि, जुन्या माणसांच्या लेखी देऊळ म्हणजे नुसत्या चार भिंती व कळस नव्हता. देऊळ, त्याच्या मागची राई, राईखालचा झरा आणि झऱ्यापर्यंतची पायवाट मिळून एक देवस्थान होत असे. त्यापैकी भिंतींचा जीर्णोद्धार पैशाने होतो. राईचा जीर्णोद्धार एका पिढीने झाड लावावे, दुसरीने राखावे व तिसरीने सावलीत बसावे अशा रीतीनेच होतो.

म्हणून देवळाच्या आवारात व गावालगतच्या उतारावर या पावसाळ्यात प्रत्येक घरामागे एक तरी जांभूळ, आंबा किंवा हिरडा लागावा व तीन उन्हाळे त्याला पाणी मिळावे. वर्षातून एकदा, श्रावणाच्या आधी, गावच्या तरुणांनी खांडसची वाट झाडून साफ करावी. शाळेतील मुलांना पावसाळा सरल्यावर एकदा तरी नागफणीवर न्यावे व त्यांचे गाव वरून त्यांना दाखवावे. आपले गाव केवढे लहान आहे, आणि ते कोणत्या डोंगराच्या आधाराने उभे आहे, हे त्या मुलांना तेथे आपोआप कळेल.

भीमाशंकर सर्वांस सुबुद्धी देवो व डोंगर, रान, गाव यांचे रक्षण करो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

॥ हर हर महादेव ॥